तोंड बघून शिट्टी? बास्केटबॉलच्या पंचांविषयी वाचकांचे प्रश्न

प्लेऑफचे (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचे) दिवस आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी झोन डिफेन्स आणि बुटांच्या सोलविषयी विचारणारे वाचक एकदम पंचांवर घसरतात. या वेळी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न घेतले आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे नियम आणि आकडे एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, आहेत.

प्रश्न : स्टार खेळाडूला एका सामन्यात १५ फ्री थ्रो (फाउलनंतरचे मोकळे शॉट) मिळतात आणि समोरच्या अख्ख्या संघाला १८. हे झुकतं माप नाही तर काय? स्कोअरशीट समोर असताना आणखी पुरावा कशाला हवा?

स्कोअरशीट खरी असते, पण अर्धीच गोष्ट सांगते. शिट्ट्या किती वाजल्या ते तिच्यात लिहिलेलं असतं. शिट्टी वाजावी अशी वेळ किती वेळा आली, ते तिच्यात कुठेच नसतं.

समजा, एक खेळाडू सामन्यात २४ वेळा बॉल घेऊन रिमकडे (बास्केटच्या कड्याकडे) घुसतो आणि ८ फ्री थ्रो मिळवतो. दुसरा ६ वेळा घुसतो आणि २ मिळवतो. शीटवर फरक चौपट दिसतो. प्रत्यक्षात दोघांनाही दर तीन ड्राइव्हमागे एकच फ्री थ्रो मिळाला आहे. दुसऱ्याला सहा ड्राइव्हमध्ये एकही मिळत नसेल आणि हे वीस-पंचवीस सामने चालू असेल, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. एनबीएच्या अधिकृत आकडेवारीत ड्राइव्हचा वेगळा तक्ता असतो. रिमपासून किमान २० फुटांवर सुरू झालेली आणि ड्रिबल करत १० फुटांच्या आत पोहोचलेली चाल म्हणजे ड्राइव्ह. त्याच तक्त्यात ड्राइव्हवर मिळालेले फ्री थ्रोही दिलेले असतात. एकाला दुसऱ्याने भागायचं, एवढंच काम. शे गिल्जियस-अलेक्झांडरला २०२४-२५ च्या हंगामात प्रेक्षकांनी ‘फ्री थ्रोचा व्यापारी’ म्हणून हिणवलं. त्याला सामन्यामागे सरासरी ८.८ फ्री थ्रो मिळत होते, आणि तो दर सामन्यात वीसेक वेळा रिमकडे घुसत होता. मिलवॉकीच्या यानिस अँटेटोकुंपोला त्याच हंगामात १०.६ मिळत होते. त्याच्या नावाने कुणी फारसं ओरडलं नाही.

भागाकार करण्याआधी शीटमधून काही गोष्टी वगळाव्या लागतात, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शेवटच्या मिनिटातले मुद्दाम केलेले फाउल. सहा गुणांनी मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी समोरच्याला धरतो, दोन फ्री थ्रो देतो, बॉल परत मिळवतो, पुन्हा धरतो. असं तीनदा झालं की आघाडीवरच्या संघाच्या खात्यात मिनिटाभरात सहा फ्री थ्रो जमा होतात, आणि त्यांत पंचांनी ठरवण्यासारखं काहीच नसतं. चांगले संघ शेवटच्या मिनिटाला जास्त वेळा आघाडीवर असतात. त्यामुळे हंगामाच्या बेरजेत हे फुकटचे फ्री थ्रो त्यांच्याकडे साचत जातात. पहिला मुद्दाम केलेला फाउल जिथे दिसेल, तिथे आपली मोजणी थांबवावी.

दुसरी गोष्ट बोनस. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून साध्या धक्क्यालाही दोन फ्री थ्रो मिळतात. शेवटच्या दोन मिनिटांत तर दुसऱ्याच फाउलपासून. एखाद्या संघाने पहिल्या चार मिनिटांतच पाच फाउल केले, तर उरलेली आठ मिनिटं समोरच्याची चैन. तेव्हा फ्री थ्रो आणि फाउल हे दोन रकाने वेगळे मोजायचे. टेक्निकलचे, म्हणजे धक्क्याविना गैरवर्तनासारख्या कारणाने दिलेल्या फाउलचे, फ्री थ्रोही बाजूला ठेवायचे. उरलेल्या आकड्याला शॉट कुठून घेतले त्याची जोड द्यायची: चाळीस थ्री-पॉइंटर मारणारा संघ आणि पेंटमध्ये (रिमसमोरच्या रंगवलेल्या आयतात) मुसंडी मारणारा संघ यांना सारख्या शिट्ट्या मिळतील, ही अपेक्षाच चुकीची.

एवढं करूनही काही सामने घशाखाली उतरत नाहीत. २००६ च्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात मायामीच्या ड्वेन वेडने एकट्याने २५ फ्री थ्रो घेतले. डॅलसच्या सगळ्या संघाने मिळून २५. मायामी ओव्हरटाइममध्ये १०१-१०० असा जिंकला. वेड त्या मालिकेत सारखा रिमवर चढत होता आणि डॅलसचे मोठे शॉट बाहेरून येत होते, हे खरं. त्यातून फरकाचा बराच भाग समजतो. सगळा समजतो, असं आम्ही म्हणणार नाही.

प्रश्न : म्हणजे स्टार खेळाडूंना काहीच सवलत नसते, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. सवलत असते, पण आपण शोधतो तिथे ती सहसा नसते.

बास्केटबॉलमध्ये प्रत्येक स्पर्श फाउल नसतो. स्पर्शाने खेळाडूची लय, वेग, तोल किंवा चपळाई बिघडली का, हे पंच पाहतो. हा सगळा अंदाजाचा मामला, आणि तो अर्ध्या सेकंदात घ्यायचा. अशा वेळी पंचाच्या डोक्यात आधीपासून असलेलं चित्र कामाला येतं. हा खेळाडू डावीकडे दोन पावलं टाकून थांबतो आणि मागे उडी घेतो, हे पंचाने शंभरदा पाहिलेलं असतं. त्यामुळे त्याची चाल पंचाला ‘पूर्ण’ दिसते, ट्रॅव्हलिंग (ड्रिबल न करता जास्त पावलं टाकणं) वाटत नाही. तीच चाल नवख्या खेळाडूने केली की ती अनोळखी वाटते आणि हात शिट्टीकडे जातो. ओळखीच्या गोष्टीवर डोळा लवकर विश्वास ठेवतो. नावाचा फायदा आहे तो इथे, आणि त्यासाठी पंचाच्या मनात खोट असावी लागत नाही.

दुसरी जागा बचावातली. पेंटमध्ये दोघांनी एकदम उडी घेतली, शूटरच्या हाताला कुणाचा तरी हात लागला. नेमका कुणाचा, ते पंचाला दिसलं नाही. एकाच्या नावावर पाच फाउल आहेत आणि तो संघाचा आधारस्तंभ आहे. दुसऱ्याच्या नावावर एक. शिट्टीनंतर बोट कुणाकडे जाईल? सामने पाहताना या एका प्रसंगावर लक्ष ठेवा.

साठच्या दशकातला दिग्गज विल्ट चेंबरलेन साखळीतल्या १०४५ सामन्यांत एकदाही सहा फाउलवर बाहेर गेला नाही, हा आकडा मेहेरबानीचा दाखला म्हणून सारखा पुढे केला जातो. पण चौथा-पाचवा फाउल झाला की कोणताही शहाणा मोठा खेळाडू हात आखडता घेतो, आणि प्रशिक्षक त्याला समोरच्याच्या दुबळ्या शूटरवर नेमतो. स्टारचे फाउल कमी दिसतात त्यात हाही वाटा असतो.

आणि उलटही घडतं. शकील ओनीलसारख्या धिप्पाड खेळाडूच्या पाठीवर दोघे लोंबकळले तरी त्याचा तोल जात नसे. तोल गेला नाही म्हणून शिट्टी नाही. हलका गार्ड तेवढ्याच धक्क्याने कोलमडतो आणि त्याला फाउल मिळतो.

नाव मोठं, संघ त्याहून मोठा, तरी शिट्टी नाही, याचा नमुना हवा असेल तर २८ जानेवारी २०२३ चा लॉस एंजेलिसचे लेकर्स आणि बोस्टनचे सेल्टिक्स यांचा सामना बघा. बरोबरी, शेवटचे काही क्षण, लेब्रॉन जेम्स लेअपसाठी वर गेला आणि जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला. तिन्ही पंच गप्प. ओव्हरटाइमच्या आधी लेकर्सचा पॅट्रिक बेव्हर्ली एका फोटोग्राफरचा कॅमेराच घेऊन पंचांना फोटो दाखवायला गेला आणि बदल्यात टेक्निकल घेऊन आला. बोस्टन १२५-१२१ असा जिंकला. सामन्यानंतर मुख्य पंचांनी चूक कबूल केली.

प्रश्न : मोठ्या शहरांचे संघ पुढे गेले तर टीव्हीचा पैसा जास्त. मग लीगच पंचांना तसं सुचवत असेल, असं का मानू नये? यावर कुणी अभ्यास केला आहे का?

केला आहे, आणि पद्धत पाहण्यासारखी आहे. जोसेफ प्राइस, मार्क रेमर आणि डॅनियल स्टोन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी फाउलऐवजी टर्नओव्हर, म्हणजे शॉट न घेताच बॉल समोरच्याकडे जाण्याचे प्रसंग, मोजले आणि त्यांचे दोन गठ्ठे केले. ट्रॅव्हलिंग, बॉल असलेल्या संघाने केलेला (आक्रमक) फाउल, पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबणं हे पंचाच्या निर्णयावर अवलंबून. चुकीचा पास, हातातून निसटलेला बॉल यांत पंचाला फारसं काही करायचं नसतं. एखादा संघ नुसता वाईट खेळत असेल तर दोन्ही गठ्ठे सारखे वाढतील. फक्त पहिलाच वाढला, तर ते शिट्टीचं काम.

त्यांना तीन ठिकाणी कल सापडला. यजमान संघाकडे, सामन्यात मागे पडलेल्या संघाकडे, आणि प्लेऑफच्या मालिकेत पिछाडीवर असलेल्या संघाकडे. शेवटचे दोन पुन्हा वाचा. आघाडीवर असलेल्याला, म्हणजे बहुतेक वेळा बलवान संघालाच, त्यात तोटा आहे. चुरशीचे सामने आणि लांबलेली मालिका लीगच्या पथ्यावर पडते हे उघड आहे. पण त्यासाठी कुणी फोन करावा लागतो असं नाही. वीस गुणांनी हरणाऱ्या संघावर बारीकसारीक शिट्ट्या मारायला कुणालाही जड जातं.

कॉलेजच्या खेळात हेच आणखी स्पष्ट दिसलं. अँडरसन आणि पिअर्स यांनी २००४-०५ च्या हंगामातले ३६५ सामने तपासले. यजमानांचे फाउल पाहुण्यांपेक्षा पाच किंवा अधिकने जास्त झाले, की पुढचा फाउल पाहुण्यांवर लागण्याची शक्यता ६९ टक्के होती. पाहुणे अचानक धसमुसळे झाले, असं तर होत नाही. स्कोअरबोर्डवर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी चमकत असतात आणि पंचांना फिट्टंफाट करण्याचा मोह होतो. याचा फायदा कळत-नकळत आक्रमक बचाव करणारे संघ घेतात. सुरुवातीला चार-पाच फाउल होऊ द्यायचे, पुढचे पंचच वाटून देतील. आमच्या मते कोण स्टार आणि कोण नाही यापेक्षा हा कल सामन्यावर जास्त परिणाम करतो, आणि त्यावर ओरडणारं कुणी नसतं.

आता तुमच्या मनात असलेल्या सामन्याविषयी. २००२ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात सॅक्रामेंटो मालिकेत ३-२ ने पुढे होतं. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो मिळाले आणि ते १०६-१०२ असे जिंकले. मालिकाही त्यांनीच घेतली. यजमान, मालिकेत पिछाडीवर आणि मोठ्या शहराचा संघ, तिन्ही गोष्टी एकाच जागी. नेमकी कोणती कामाला आली, हे एका सामन्यावरून सुटं करता येत नाही. म्हणूनच लोक आजही त्याच सामन्यावर भांडतात.

छोट्या शहरांच्या संघांची कुरकुर मात्र थांबलेली नाही. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या दोन सामन्यांतल्या ७८ प्रसंगांची यादी इंडियानाने लीगकडे पाठवायची ठरवली. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी छोट्या शहरांच्या संघांनाही समान संधी हवी, असं जाहीरपणे म्हटलं आणि ३५,००० डॉलरचा दंड भरला. ती मालिका इंडियानाने सात सामन्यांत जिंकली. पुढच्या वर्षीची अंतिम लढत इंडियाना आणि ओक्लाहोमा सिटी यांच्यात झाली. पैशांसाठी अंतिम संघ ठरवणाऱ्याने ही जोडी नक्कीच निवडली नसती.

प्रश्न : घरच्या मैदानाचा फायदा पंचांमुळे की प्रेक्षकांमुळे?

दोन्ही, आणि त्यांची फोड करणं अवघड. कोविडमुळे २०२०-२१ च्या हंगामात बरेच सामने रिकाम्या खुर्च्यांपुढे झाले. त्यांत यजमान जवळपास निम्मेच सामने जिंकले, म्हणजे घर असून नसल्यासारखं. प्रवास, झोप, ओळखीचं मैदान हे सगळं होतंच, नव्हता फक्त गलका. गलक्याने यजमान जोमाने रिबाउंडला (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला) जातात, आणि अर्ध्यामुर्ध्या प्रसंगात पंचाच्या कानावर हजारोंचं उत्तर आधी पोहोचतं.

प्रश्न : एका पंचाला सट्टेबाजीसाठी तुरुंगात जावं लागलं होतं ना? मग विश्वास कसा ठेवायचा?

हो, टिम डोनाही. १३ हंगाम पंचगिरी करून २००७ मध्ये पकडला गेला, गुन्हा कबूल केला आणि २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. तो स्वतः पंच असलेल्या सामन्यांवरही पैसे लावत होता आणि साथीदारांना आतली माहिती विकत होता. २००२ च्या प्लेऑफमधल्या एका सामन्यात इतर पंचांनीही संगनमत केल्याचा आरोप त्याने नंतर केला. लीगने तो फेटाळला, आणि लीगने नेमलेल्या वकिलांच्या चौकशीत इतर पंचांचा गुन्हेगारी सहभाग आढळला नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत नको. सट्टेबाज पंचाला स्टार किंवा मोठा संघ जिंकवायचा नसतो. त्याला गुणांचा फरक आपल्या पैजेच्या बाजूला वळवायचा असतो. कोणत्या सामन्याला कोण पंच हे त्या काळी गुपित असे आणि सट्टेबाजीत त्या गुपितालाच भाव होता. आता सामन्याच्या दिवशी सकाळी ९ वाजता, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार, नावं जाहीर होतात. फुकट मिळणाऱ्या माहितीला कोण पैसे देणार!

प्रश्न : काही खेळाडू मुद्दाम अंगावर जाऊन फाउल काढतात. हे पंचांना कळत नाही का?

कळत होतं, पण बराच काळ नियमच खेळाडूच्या बाजूने होता. २०२१-२२ पासून चार युक्त्यांवर शिट्टीचं धोरण बदललं. शूटरने विचित्र कोनातून बचावपटूच्या अंगावर झेपावणं. धावता-धावता एकाएकी वाट बदलून बाजूला किंवा मागे त्याला धडकणं. उडी घेताना पाय वाकडा फेकणं. आणि मोकळ्या हाताने त्याचा हात अडकवून घेणं. स्पर्श किरकोळ असेल तर आता काहीच दिलं जात नाही. जास्त असेल तर फाउल शूटरवरच.

बघताना बॉलकडे पाहू नका, शूटरच्या पायांकडे पाहा. तो जिथून उडाला त्याच्या आसपास उतरला तर शॉट खरा. दीड-दोन फूट पुढे किंवा आडवा जाऊन उतरला, तर तो शॉटसाठी उडाला नव्हता. उतरायच्या जागेत बचावपटूने आधी पाय घातला असेल, तर मात्र फाउल बचावपटूचा. त्या घोट्यावर कारकिर्दी संपू शकतात.

पडण्याच्या नाटकाला २०२३-२४ पासून सामन्यातच शिक्षा आहे. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो, आणि खेळाडूला नंतर २,००० डॉलर दंड. कोट्यवधी कमावणाऱ्याला दंडाचं काय वाटणार? पण बरोबरीच्या सामन्यातला एक गुण झोंबतो.

प्रश्न : मी तरुण संघाला शिकवतो आणि अधूनमधून पंच म्हणूनही उभा राहतो. समोर नावाजलेला खेळाडू असला की आमच्या मुलांवर भराभर फाउल लागतात. प्रशिक्षक म्हणून काय शिकवू? आणि पंच म्हणून माझाच कल कसा ओळखू?

आधी प्रशिक्षक म्हणून. ‘स्टारला मिळणाऱ्या’ बऱ्याच शिट्ट्या बचावपटूच्या हातांवर लागतात, छातीवर नाही. ड्राइव्हच्या वेळी मुलं पायांनी पोहोचत नाहीत, मग हात टाकतात. पुढून आलेला हात पंचाला कुठूनही दिसतो. छातीने अडवलेली वाट बहुतेक वेळा कायदेशीर असते, अट एकच: बचावपटू आधी समोर तोंड करून दोन्ही पायांवर उभा राहिलेला हवा. त्यानंतर तो मागे किंवा आडवा सरकू शकतो. पुढे सरकला की संपलं. रिमखाली हात सरळ वर आणि उडीही सरळ वर. हात पुढे झुकला की उभ्या उडीचं संरक्षण गेलं, मग शूटर कितीही वेडावाकडा आलेला असो.

चार्ज घ्यायला, म्हणजे धडकणाऱ्या आक्रमकावरच फाउल यावा म्हणून, उभं राहायचं तर रिमखालच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर. एनबीएत त्याची त्रिज्या ४ फूट आहे, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत १.२५ मीटर. रेषेवर टाच टेकलेली असली तरी ती आतच धरतात. वेळेचा नियमही वेगळा: फिबात शूटरचा पाय जमिनीवरून सुटण्याआधी जागा घेतलेली हवी, एनबीएत त्याहूनही आधी. टीव्हीवर एनबीए पाहून शिकलेली मुलं फिबाच्या सामन्यात इथेच गोंधळतात. आणि फिबात पाच फाउलवर बाहेर, सहावर नाही.

पहिल्या क्वार्टरमध्ये बाकावरच्या एकाला फक्त शिट्ट्या लिहायला बसवा. प्रत्येकीपुढे तीन खुणा: हात, अंग की पाय, पेंटमध्ये की बाहेर, आणि कोणत्या पंचाने दिली. आठ-दहा नोंदी झाल्या की चित्र दिसू लागतं. बहुधा असं निघतं की पेंटमधला धक्का चालतोय, बाहेरचा हात चालत नाहीये. मग बचाव तसा बदलायचा. पंच बदलत नसतो.

पंचाशी बोलायचं ते बॉल थांबलेला असताना, कर्णधाराने किंवा तुम्ही, आणि प्रश्नाच्या रूपात. ‘त्याच्यावर शिट्टी का नाही?’ हा प्रश्न नाही, आरोप आहे. ‘सर, त्याचा डावा हात आमच्या सात नंबरच्या कमरेवर अडकतोय, पुढच्या वेळी बघाल का?’ यात पंचाला कुठे पाहायचं ते कळतं. झालेली शिट्टी कुणी परत घेत नाही. एनबीएत प्रशिक्षकाला आव्हान देता येतं, तेही शिट्टी वाजलेल्या प्रसंगाला आणि टाइमआउट पणाला लावून. न वाजलेल्या शिट्टीला आव्हान नाही.

आता पंच म्हणून. नवख्या पंचाची मुख्य चूक अशी की तो बॉलकडे पाहतो. बॉल स्टारकडे असतो, म्हणून पंच स्टारचं शरीर पाहतो आणि त्याला बसलेला प्रत्येक धक्का टिपतो. बचावपटूने काय केलं ते त्याने पाहिलेलंच नसतं. नजर बचावपटूवर ठेवा. तो जागेवर आधी पोहोचला का, सरळ उडाला का, एवढंच ठरवा. हालचालीची सुरुवात, मधला भाग आणि शेवट तिन्ही दिसले असतील तरच शिट्टी. शेवटच दिसला, म्हणजे कुणीतरी पडलेला दिसला, तर हात खिशात.

दोन पंच असतील तर बेसलाइनवरच्या (रिममागच्या रेषेवरच्या) लीडला, म्हणजे पुढच्या पंचाला, रिमखाली पाठींची भिंत दिसते. तो रेषेवर खिळून राहिला की दोघांच्या मधली फट त्याला दिसत नाही. एक-दोन पावलं आडवं सरकून ती फट शोधायची. ट्रेलने, म्हणजे मागच्या पंचाने, शॉट सुटल्यावर परतीची धाव लगेच घ्यायची नाही, कारण हातावरचा फटका आणि उतरायची जागा त्यालाच नीट दिसते. बऱ्याच ‘स्टार शिट्ट्या’ या नुसत्या चुकीच्या जागी उभं राहून केलेल्या अंदाजाच्या शिट्ट्या असतात.

सामन्याआधी सहकाऱ्याशी बोलताना खेळाडूंची नावं घेऊ नका, जर्सीचे नंबर घ्या. मध्यंतरात सांघिक फाउलचा आकडा पाहून ‘आता त्यांच्यावर दोन द्यायला हवेत’ असं वाटलं, तर तो तुमचा कल. सामन्याचं चित्रण असेल तर दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून पाहा. ज्या शिट्ट्या द्यायला हव्या होत्या आणि दिल्या नाहीत, त्यांची यादी आधी करा. एनबीए १ मार्च २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा असाच अहवाल जाहीर करते, आणि त्यातही चुकीने वाजलेल्या शिट्टीपेक्षा राहून गेलेली शिट्टीच जास्त वेळा निघते.

कल कळल्याने तो कमी होतो का, याचं एक उत्तर उपलब्ध आहे. १९९१ ते २००४ च्या सामन्यांतून संशोधकांना दिसलं होतं की पंच आपल्या वर्णाच्या खेळाडूंना किंचित कमी फाउल देत होते. २००७ मध्ये वर्तमानपत्रांत त्यावर गदारोळ झाला. त्यानंतरच्या हंगामांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा तो फरक नाहीसा झाला होता. तुमची शिट्ट्यांची वही पंच म्हणून उभे राहाल त्या सामन्यांसाठीही ठेवा, फक्त ती दुसऱ्या कुणाला लिहायला सांगा.